गढूळ पाण्यातली मॅक्रो फोटोग्राफी: ६० मिमी की १०५ मिमी? लेन्स निवडण्याआधी हे समजून घ्या

रात्रीच्या धुक्यात आंबोली घाटातून गाडी चालवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. हेडलाइटचा हाय बीम लावला की रस्ता जास्त दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. मालवणच्या किंवा गोव्याच्या समुद्रात कॅमेरा घेऊन उतरणाऱ्या डायव्हरच्या बाबतीत हेच घडते. डोळ्यांना मासा बरा दिसत असतो, पण फोटोत तो हिरवट पडद्यामागे गेलेला असतो आणि वर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी पडलेली असते.

यावर इंटरनेटवर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘मॅक्रो लेन्स घ्या’. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. मॅक्रो लेन्स अनेक लांबींच्या येतात आणि त्यातली चुकीची निवडली तर मोठी रक्कम खर्च करूनही तोच धुरकट फोटो हाती येतो. गढूळ पाण्यासाठी लेन्स निवडताना ‘ती किती मोठे करून दाखवते’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की फोटो काढताना लेन्स आणि मासा यांच्यामध्ये किती पाणी उरते?

गढूळ पाणी फोटो नेमका कसा बिघडवते?

कोकण किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ आहे. पावसाळ्यात नद्या गाळ आणून सोडतात, लाटा तळाची वाळू ढवळतात आणि पाण्यात सूक्ष्म प्लवक जीवही मोठ्या प्रमाणात असतात. त्यामुळे अंदमानात वीस मीटरपलीकडचे दिसणारे दिवस असतात, तर मालवणला तीन-चार मीटरवरचे दिसले तरी डायव्हर समाधान मानतात. किती अंतरावरचे स्पष्ट दिसते, या मापाला डायव्हिंगच्या भाषेत ‘व्हिजिबिलिटी’ म्हणतात.

अशा पाण्यात फोटो दोन वेगवेगळ्या कारणांनी बिघडतो.

पहिले कारण म्हणजे पडदा. वरून येणारा सूर्यप्रकाश पाण्यातल्या कणांवर आपटून सगळीकडे विखुरतो आणि त्यातला काही थेट लेन्समध्ये शिरतो. काळा रंग राखाडी होतो, लाल रंग मातकट होतो, कडा पुसट होतात. मासा आणि लेन्स यांच्यात पाणी जितके जास्त, तितका हा पडदा जाड.

दुसरे कारण म्हणजे ठिपके. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा, म्हणजे स्ट्रोबचा, प्रकाश लेन्ससमोरच्या कणांवर पडून परत येतो. याला ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात. घाटातल्या हाय बीमचा प्रकार तो हाच.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की अंतर वाढते तसा बिघाड नुसता बेरजेने वाढत नाही. समजा, एखाद्या दिवशी अर्धा मीटर पाण्यातून बघताना वस्तूचा निम्मा उठाव शिल्लक राहतो. मग एक मीटरवर तो निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव उरतो आणि दीड मीटरवर एक अष्टमांश. फ्लॅशच्या प्रकाशाला तर माशापर्यंत जायचे आणि परत यायचे असते, म्हणजे पाणी दोनदा ओलांडायचे. म्हणून अर्धा मीटर पुढे सरकण्याने जो फरक पडतो, तो नंतर कॉम्प्युटरवर कितीही मेहनत घेतली तरी पडत नाही.

अनुभवी डायव्हरांचा एक ढोबळ ठोकताळा इथे कामी येतो: जितके अंतर डोळ्यांना दिसते, त्याच्या चौथ्या-पाचव्या भागापेक्षा लांबून फ्लॅशचा फोटो काढू नये. व्हिजिबिलिटी तीन मीटर असेल, तर मर्यादा साठ ते पंच्याहत्तर सेंटीमीटरची.

मॅक्रो लेन्स म्हणजे काय?

जी लेन्स एखाद्या वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी पाडू शकते, तिला साधारणपणे मॅक्रो लेन्स म्हणतात. या प्रमाणाला १:१ लिहितात. दोन सेंटीमीटरची समुद्री गोगलगाय सेन्सरवरही दोन सेंटीमीटरची उमटते.

निकॉनची ६० मिमी आणि १०५ मिमी, कॅननची १०० मिमी, सोनीची ५० मिमी आणि ९० मिमी, ऑलिंपसची ६० मिमी या सगळ्या लेन्स किमान १:१ गाठतात. मग फरक कशात? १:१ गाठण्यासाठी किती जवळ जावे लागते, यात. निकॉनची ६० मिमी लेन्स सेन्सरपासून साडेअठरा सेंटीमीटरवर फोकस करते, तर तिची भावंड १०५ मिमी व्हीआर लेन्स सुमारे साडेएकतीस सेंटीमीटरवर. हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, हे विसरू नये. त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली, तर लेन्सच्या काचेपुढे ६० मिमीसाठी जेमतेम पाच सेंटीमीटर उरतात आणि १०५ मिमीसाठी साधारण पंधरा.

जमिनीवर फुलपाखरांचे फोटो काढणारे लांब लेन्स पसंत करतात, कारण फुलपाखरू बिचकत नाही. हवा स्वच्छ असल्याने मधल्या अंतराची किंमत मोजावी लागत नाही. पाण्याखाली हीच सवय महागात पडते.

वीतभर मासा आणि मधले पाणी

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत एखादा लहान हेकरू कपारीत बसलेला आहे असे समजू. तो फोटोत नीट मावावा म्हणून चौकटीची रुंदी वीस सेंटीमीटर ठेवायची आहे. आता लेन्स किती लांब असावी लागेल, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो.

पाण्याखाली कॅमेरा हाउसिंग नावाच्या बंद पेटीत असतो आणि मॅक्रोसाठी तिच्या तोंडाशी सपाट काच असते. तिला ‘फ्लॅट पोर्ट’ म्हणतात. पाण्यातून या काचेत शिरताना प्रकाश वळतो, त्यामुळे मासा खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर असल्यासारखा, म्हणजे मोठा दिसतो. तो पुन्हा चौकटीत बसवायचा तर डायव्हरला हवेतल्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांश जास्त मागे जावे लागते. हे धरून येणारे आकडे असे:

* फुल फ्रेम कॅमेरा, ६० मिमी लेन्स: सुमारे ५० सेंटीमीटर
* फुल फ्रेम कॅमेरा, १०५ मिमी लेन्स: सुमारे ९० सेंटीमीटर
* एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, ४० मिमी लेन्स: सुमारे ५० सेंटीमीटर
* एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, ६० मिमी लेन्स: सुमारे ७५ सेंटीमीटर
* एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, १०५ मिमी लेन्स: सुमारे १३० सेंटीमीटर
* मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा, ३० मिमी लेन्स: सुमारे ५० सेंटीमीटर
* मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा, ६० मिमी लेन्स: सुमारे १ मीटर

लेन्सच्या आतल्या रचनेप्रमाणे हे आकडे थोडे कमी-जास्त होतील, पण चित्र स्पष्ट आहे. तीन मीटर व्हिजिबिलिटीच्या दिवशी पंच्याहत्तर सेंटीमीटरच्या मर्यादेत फुल फ्रेमवरची ६० मिमी आरामात बसते. १०५ मिमी बाहेर पडते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तर १०५ मिमी लावून वीतभर मासा टिपायचा म्हणजे सव्वा मीटरपेक्षा जास्त गढूळ पाण्यातून टिपायचा.

आणि इथेच अनेकांची फसगत होते. ‘६० मिमी चांगली’ हा सल्ला फुल फ्रेम कॅमेरा समोर ठेवून दिलेला असतो आणि वाचणाऱ्याच्या हातात लहान सेन्सरचा कॅमेरा असतो. सेन्सर लहान झाला की तीच लेन्स जास्त लांबीच्या लेन्ससारखी वागते. म्हणून लेन्सवरचा आकडा सुटा वाचू नये. तो नेहमी आपल्या सेन्सरबरोबर वाचावा.

मग १०५ मिमी घेऊच नये का?

तसे नाही. मासा लहान होत गेला की हिशेब बदलतो.

अडीच सेंटीमीटरची समुद्री गोगलगाय घेऊ. शास्त्रीय भाषेत न्यूडिब्रँक म्हणतात तो हा रंगीबेरंगी, मऊ अंगाचा जीव. चौकट पाच सेंटीमीटरची लागेल. फुल फ्रेमवर ६० मिमीला सुमारे वीस सेंटीमीटर अंतर पुरते आणि १०५ मिमीला सुमारे तेहतीस. त्यातलाही बराच भाग लेन्स आणि पोर्टच्या आतच जातो, म्हणजे प्रत्यक्ष पाणी दोन्हीकडे त्याहून कमी. वीतभर माशाच्या वेळी दोन लेन्समध्ये चाळीस सेंटीमीटर पाण्याचा फरक होता. इथे तो तेरा-चौदावर आला. इतका फरक गढूळ पाण्यातही निभावतो.

उलट लांब लेन्सचे फायदे इथे दिसू लागतात. पोर्ट प्राण्यापासून थोडे दूर राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी प्रकाश टाकायला जागा मिळते. ६० मिमीने १:१ गाठताना पोर्ट प्राण्याच्या इतके जवळ येते, की पोर्टचीच सावली पडते. कोळंबी कपारीत शिरते, ब्लेनी मासा बिळात डोके ओढून घेतो आणि तळाच्या वाळूला धक्का लागून उरलेसुरले पाणीही गढूळ होते. शिवाय लांब लेन्सच्या चौकटीत मागचा पसारा कमी येतो, त्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ ठेवणे सोपे जाते.

लांब लेन्सबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘१०५ मिमीने फोकसची खोली फार कमी मिळते’ असे म्हटले जाते. प्राणी चौकटीत सारखाच मोठा दिसत असेल आणि अॅपर्चर सारखे असेल, तर मॅक्रोच्या अंतरावर दोन्ही लेन्सची खोली जवळपास सारखीच असते. १०५ मिमी अवघड वाटते ती दुसऱ्या कारणाने: तिची दृष्टी अरुंद असते. लाटेच्या हेलकाव्यात डायव्हर दोन बोटे सरकला तरी गोगलगाय चौकटीबाहेर जाते आणि गढूळ पाण्यात ती पुन्हा शोधताना हवा आणि वेळ दोन्ही खर्च होतात.

फोकसची ये-जा

कॅमेऱ्याचा ऑटोफोकस प्रकाश आणि अंधार यांतला फरक शोधून काम करतो. गढूळ पाण्यात तो फरकच पुसट होतो. त्यात पुढे तरंगणारा एखादा कण चमकला, की लेन्स त्याच्यावर फोकस करते आणि मग पुढे-मागे फिरत बसते. मॅक्रो लेन्सला फिरायला अंतर मोठे असल्याने ती पुन्हा जागेवर यायला वेळ घेते.

यावर तीन उपाय चालतात. एक, लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर तो वापरावा. अनेक हाउसिंगमध्ये हे बटण बाहेरून दाबता येत नाही, म्हणून डाइव्हच्या आधीच ते हव्या त्या टप्प्यावर ठेवावे लागते. दोन, स्ट्रोबव्यतिरिक्त एक छोटा फोकस लाइट असावा. त्यात लाल प्रकाशाची सोय असली तर बरेच जीव कमी बिचकतात. तीन, फोकस एकदा जुळवून कुलूपबंद करावा आणि नंतर कॅमेराच किंचित पुढे-मागे करत प्राण्याचा डोळा तीक्ष्ण दिसताच बटण दाबावे.

लेन्स विकत घेण्याआधी तिचा फोकस कमी प्रकाशात किती भटकतो हे पाहिलेच पाहिजे. दुकानातल्या झगझगीत उजेडात सगळ्याच लेन्स हुशार वाटतात.

पोर्टचा खर्च धरला का?

लेन्सची किंमत पाहून निर्णय घेणाऱ्यांना नंतर धक्का बसतो तो पोर्टचा. प्रत्येक लेन्सला तिच्या लांबीचे पोर्ट लागते. पोर्ट लांब पडले तर लेन्स आणि काच यांच्यात रिकामी जागा राहते आणि तेवढे जवळ जाणे हातचे जाते. आखूड लेन्सच्या बाबतीत ही चूक फारच महाग पडते. उदाहरणार्थ, ऑलिंपसची ३० मिमी मॅक्रो सर्वात मोठी प्रतिमा दाखवते तेव्हा तिच्या काचेपुढे जेमतेम दीड सेंटीमीटर जागा असते. पोर्टची काच मध्ये आली की त्यातले जवळपास काहीच उरत नाही. अशी लेन्स माशांसाठी उत्तम, पण अगदी बारीक जीवांसाठी गैरसोयीची.

पोर्टवर बाहेरून, पाण्यातच लावता-काढता येणारी भिंगेही मिळतात. त्यांना ‘वेट डायॉप्टर’ म्हणतात. ५०-६० मिमी लेन्स घेऊन सोबत एक डायॉप्टर ठेवला, तर एकाच डाइव्हमध्ये वीतभर मासाही जमतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा जीवही. अडचण एवढीच, की डायॉप्टर लावल्यावर फक्त जवळच्या एका मर्यादित टप्प्यातच फोकस होतो. तो सुटला की काहीच दिसत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शक्तिशाली डायॉप्टर घेऊ नये, मध्यम ताकदीचा पुरतो.

मोठा कॅमेरा नसेल तर?

गढूळ पाणी ही अशी एक जागा आहे जिथे छोटा कॅमेरा मोठ्याला चांगली टक्कर देतो. ऑलिंपसचा टीजी-६ आणि त्यानंतरचा टीजी-७ हे कॅमेरे हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतात आणि त्यांचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटीमीटरवर फोकस करतो. मध्ये पाणीच उरले नाही, तर ते गढूळ आहे की स्वच्छ याने फारसे बिघडत नाही. प्रतिमेचा दर्जा मोठ्या सेन्सरइतका नसतो आणि एक सेंटीमीटरवर प्रकाश टाकणे ही कसरत असते. तरीही सोशल मीडियावर टाकण्यासाठी आणि गढूळ पाण्यात आपल्याला खरोखर रस आहे का हे तपासण्यासाठी, लाखभराच्या लेन्सआधी हा मार्ग शहाणपणाचा.

प्रकाश बाजूने, समोरून नाही

लेन्स बरोबर निवडली तरी स्ट्रोब चुकीच्या जागी असेल तर ठिपके येणारच. तत्त्व सोपे आहे: प्राण्यावर प्रकाश पडावा, पण लेन्स आणि प्राणी यांच्या मधल्या पाण्यावर कमीत कमी पडावा. म्हणून स्ट्रोब पोर्टच्या डाव्या-उजव्या बाजूला, पोर्टच्या तोंडापेक्षा किंचित मागे ठेवतात आणि प्रकाशाच्या झोताची फक्त कड प्राण्याला लागेल असे वळवतात. मधले पाणी जितके कमी, तितके हे सोपे. आखूड लेन्सचा हा आणखी एक फायदा.

हिरवा पडदा घालवण्याचा मार्ग वेगळा. शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, अॅपर्चर एफ/११ ते एफ/१६ आणि आयएसओ कमी ठेवला, की सूर्यप्रकाशाचा वाटा जवळपास नाहीसा होतो. पार्श्वभूमी काळी पडते आणि प्राणी स्ट्रोबच्या उजेडात एकटा उठून दिसतो. कोकणच्या समुद्रातले चांगले मॅक्रो फोटो अनेकदा काळ्या पार्श्वभूमीचे असतात, ते यामुळेच.

पाण्याचा दिवस निवडणे

कुठल्याही लेन्सपेक्षा मोठा फरक कॅलेंडर पाडते, आणि तेही फुकट. कोकणात जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असल्याने डायव्हिंग बंद असते. त्यानंतरच्या महिन्यांतही पाणी रोज सारखे नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचे असतात आणि तळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी तुलनेने शांत राहते. खाडीच्या तोंडाजवळच्या जागी भरती पूर्ण होताना बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते, तर ओहोटीत खाडीतला गाळ बाहेर पडतो. स्थानिक बोटवाल्याला आणि डाइव्ह सेंटरला हे गणित तोंडपाठ असते. लेन्सबद्दल इंटरनेटला विचारावे, पण पाण्याबद्दल त्यांना.

जवळ जाण्याची मर्यादा

‘जवळ जा’ हा गढूळ पाण्यातला पहिला नियम असला, तरी तोच सर्वात जास्त नुकसान करू शकतो. स्थिर तरंगण्याचे कौशल्य नसलेला डायव्हर पाच सेंटीमीटरवरून फोटो काढताना नकळत प्रवाळावर हात टेकतो किंवा फिन्सने ते मोडतो. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. फोटोसाठी प्राण्याला काडीने हलवणे, दुसऱ्या जागी ठेवणे किंवा बिळातून बाहेर काढणे हे कुठल्याच समुद्रात क्षम्य नाही.

दुसरा धोका स्वतःच्या जिवाचा. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातलेल्या माणसाला हवेचा काटा दिसत नाही आणि तीन मीटर व्हिजिबिलिटीत सोबतचा बडी दोन मिनिटांत दिसेनासा होतो. ट्राय डाइव्ह करणाऱ्या पर्यटकाने किंवा नुकताच कोर्स झालेल्याने मोठा कॅमेरा न्यायची घाई करू नये. आधी हात मोकळे ठेवून स्थिर तरंगता यायला हवे.

घरच्या घरी करायची चाचणी

लेन्स भाड्याने किंवा मित्राकडून दोन दिवसांसाठी मिळाली, तर पाण्यात न उतरताही निम्मा निर्णय होतो. टेबलावर वीस सेंटीमीटरची पट्टी ठेवावी आणि ती चौकटीत काठोकाठ बसेपर्यंत मागे जावे. लेन्सच्या काचेपासून पट्टीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात एक-तृतीयांश मिळवावे. हे झाले पाण्यातले साधारण अंतर. मग जिथे नेहमी डायव्हिंग होते, तिथल्या व्हिजिबिलिटीचा चौथा भाग काढावा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आला, तर ती लेन्स त्या पाण्यात वीतभर माशांसाठी नाही. हीच चाचणी पाच सेंटीमीटरच्या पट्टीवर केली की बारीक जीवांचे उत्तर मिळते.

थोडक्यात निवड अशी

* लहान-मोठे मासे आणि बारीक जीव दोन्ही हवे असतील आणि एकच लेन्स परवडत असेल: फुल फ्रेमसाठी ५०-६० मिमी, एपीएस-सीसाठी ४० मिमीच्या आसपास. सोबत मध्यम डायॉप्टर.
* फक्त समुद्री गोगलगायी, कोळंबी, ब्लेनी असे तीन-चार सेंटीमीटरपर्यंतचे जीव हवे असतील: फुल फ्रेमसाठी ९०-१०५ मिमी, लहान सेन्सरसाठी ६० मिमी.
* सुरुवात असेल किंवा बजेट कमी असेल: जवळ फोकस करणारा वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट कॅमेरा. उरलेले पैसे स्ट्रोब आणि डायव्हिंगच्या सरावावर.
* व्हिजिबिलिटी एक मीटरही नसेल: कॅमेरा बोटीवर ठेवावा आणि डाइव्ह मास्टरचे ऐकावे.